आई-बाबांसाठी युरोपची लहान ग्रुप टूर निवडताना

माहितीपत्रकावर ‘स्मॉल ग्रुप’ असं छापलेलं दिसलं की आधी एवढंच विचारा: जास्तीत जास्त किती माणसं, आणि हे ईमेलवर लिहून द्याल का? नेहमीच्या युरोप टूरला ४९ सीटचा कोच आणि चाळीस-पंचेचाळीस माणसं असतात. लहान ग्रुपच्या नावाखाली कुठे १२ जण असतात, कुठे २०, तर कुठे २८ सुद्धा. साठी-सत्तरीच्या मंडळींसाठी १२ ते १६ हा आकडा कामाचा. पंचेचाळीस जणांनी कोचमधून उतरायचं, स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहायचं, परत चढायचं, मोजणी व्हायची, यात पाऊण तास सहज जातो. पंधरा जणांचं तेच काम वीस मिनिटांत आटपतं. दिवसाला चार थांबे धरा, दीड तासाच्या वर वेळ हाती राहतो.

मग किमान संख्या विचारा. ग्रुप भरला नाही तर काय होणार? टूर रद्द, तारीख पुढे, की दुसऱ्या ग्रुपमध्ये विलीन? शेवटची शक्यता बुकिंगच्या वेळी आपणहून कुणी सांगत नाही. मुंबईहून चौदा जण निघाले आणि पॅरिसला दुसऱ्या तीस जणांच्या कोचमध्ये बसले, तर जादा मोजलेले पैसे वाया. म्हणून ‘सगळे दिवस आमचा कोच आणि टूर मॅनेजर वेगळाच असेल ना?’ हे नेमक्या याच शब्दांत विचारा.

एवढं झालं तरी अर्धंच काम झालं. लहान ग्रुप म्हणजे संथ टूर नव्हे. दहा दिवसांत सहा देश चौदा जणांबरोबर केले काय आणि चव्वेचाळीस जणांबरोबर केले काय, गुडघे तेवढेच दुखतात. त्यामुळे किमतीकडे बघण्याआधी इटिनरेरीची (रोजच्या कार्यक्रमाच्या पत्रकाची) प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे तीन आकडे लिहा: आज हॉटेल बदललं का, कोचमध्ये किती तास, पायावर किती तास.

पेन्सिलीचं काम

हॉटेल बदलणं हा सगळ्यात दमवणारा प्रकार, आणि माहितीपत्रकात तो दिसतच नाही. बदल म्हणजे रात्री बॅग भरा, पहाटे उठा, सातला खाली या, नाश्ता उरका, कोचपर्यंत बॅग स्वतः ओढा. युरोपातल्या बहुतेक हॉटेलांत सामान उचलायला माणूस मिळत नाही. बारा रात्रींना चार, फार तर पाच हॉटेलं असावीत. एकाच रात्रीचा मुक्काम एखादाच चालेल. त्याहून जास्त दिसले तर ती टूर तरुणांना द्या.

कोचचे तास स्वतः मोजा. उदाहरणार्थ, ‘पॅरिसहून नाश्त्यानंतर इंटरलाकेनकडे प्रयाण.’ स्वित्झर्लंडमधल्या या गावापर्यंतचं अंतर साधारण सव्वासहाशे किलोमीटर. कोचचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपासच राहतो आणि सरासरी ८० च्या वर जात नाही, म्हणजे चाक फिरतं राहण्याचेच आठ तास. त्यात युरोपीय महासंघाचा नियम असा की साडेचार तास गाडी चालवली की चालकाला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. हे सगळं यंत्रात नोंदलं जातं, त्यामुळे विनवण्या करून उपयोग नसतो. जेवण आणि दोन थांबे धरले तर सकाळी आठला निघालेली मंडळी संध्याकाळी साडेसहा-सातला पोचतात. असा दिवस टूरमध्ये एकदा असेल तर ठीक. दोन असतील तर त्यांच्यामध्ये निदान एक पूर्ण मुक्कामाचा दिवस हवा. काही लहान ग्रुप यातला पॅरिस ते बासेल (स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं शहर) हा टप्पा रेल्वेने करतात. तीन तासांचा प्रवास, पाय पसरायला जागा, डब्यात स्वच्छतागृह. त्यासाठी थोडे जादा पैसे लागले तरी द्यावेत.

चालकांचा आणखी एक नियम उपयोगी पडतो. त्याला रोज सलग अकरा तास विश्रांती मिळायला हवी. आठवड्यात मोजक्या वेळा ती नऊ तासांवर आणता येते. म्हणून ‘रात्री उशिरा पॅरिसची रोषणाई’ आणि दुसऱ्या दिवशी ‘पहाटे प्रस्थान’ अशा ओळी लागोपाठ दिसल्या, तर हे कसं जमवणार आहात ते विचारा. उत्तर देणाऱ्याची चाचपड ऐकू आली की समजायचं, इटिनरेरी कागदावरच तयार झाली आहे.

पायावरच्या तासांसाठी माहितीपत्रकाची भाषा शिकावी लागते. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं खाली उतरणं. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे खिडकीतून बघणं. हे ज्येष्ठांना सोयीचंच आहे, कमी लेखू नका. खरा घाम ‘वॉकिंग टूर’ या दोन शब्दांत आहे. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात कोचला प्रवेश नाही, बाहेर उतरून चालायचं. पिसाला वाहनतळापासून कलत्या मनोऱ्यापर्यंत किलोमीटरभर. व्हेनिसला ट्रोंकेट्टोच्या वाहनतळाहून बोटीने गेलात तरी धक्क्यापासून सेंट मार्क चौकापर्यंत पायऱ्यांचे पूल चढून उतरावे लागतात. तिथे व्हीलचेअर असली तरी पुलापाशी अडते. शिवाय सगळीकडे दगडी फरसबंदी. पातळ तळव्याच्या चपलांत तासाभरात टाचा बोलायला लागतात. रोज पायावर तीन तास ही वरची मर्यादा धरा, आणि चालणं नको असेल त्यांना कोच किंवा कॅफेपाशी बसता येईल का, तिथे सोबत कोण थांबेल, हेही विचारून घ्या. पंधरा जणांना एकच टूर मॅनेजर असेल तर बसलेल्यांजवळ कोणीच थांबणार नाही, हे गृहीत धरा.

युंगफ्राउयोख: जायचं की नाही

मराठी मंडळींच्या युरोप टूरमध्ये बर्फाचा एक दिवस ठरलेला असतो, आणि तो बहुधा स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचा. इंटरलाकेन ५६७ मीटरवर, वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस या रोपवेची केबिन पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, पुढे दातेरी रुळांची गाडी. म्हणजे सुमारे दोन तासांत जवळजवळ २,९०० मीटर वर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. निरोगी माणसालाही जिने चढताना धाप लागते आणि डोकं जड होतं. हृदय अशक्त असलेले, दम्याचे किंवा फुप्फुसाच्या आजाराचे रुग्ण, अलीकडे अँजिओप्लास्टी झालेले, यांनी आपल्या डॉक्टरांना ‘स्वित्झर्लंडला जाऊ का?’ असं विचारू नये. ‘३,४५४ मीटरवर दोन-तीन तास थांबू का?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला डॉक्टर हसून हो म्हणतात, दुसऱ्याला ईसीजी बघतात. टिटलिस या दुसऱ्या बर्फाच्या डोंगराचंही वरचं स्टेशन तीन हजार मीटरच्या वरच आहे, त्यामुळे तो पर्याय सौम्य नाही.

खरा सौम्य पर्याय रिगी हा डोंगर. माथा १,७९८ मीटरवर, गाडी माथ्याच्या जवळपर्यंत, पुढे थोडासाच चढ. डोंगर चढणारी ही दातेरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली, तशी युरोपातली पहिली. हवा स्वच्छ असेल तर आल्प्सची रांग आणि खाली सरोवरं दिसतात. उन्हाळ्यात पायाखाली बर्फ नसतो, एवढंच. ज्यांना वर जायचं नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी काय सोय आहे आणि तिकिटाचे पैसे परत मिळतात का, हे बुकिंगआधी ठरवून घ्या.

खोली, ताट, स्वच्छतागृह

हॉटेल किती तारांकित आहे त्यापेक्षा न्हाणीघर बघा. जुन्या हॉटेलांत शॉवर बाथटबमध्येच असतो. गुडघ्याएवढा काठ ओलांडून, साबणाच्या पाण्यात, धरायला दांडी नाही. घसरून पडण्याची हीच जागा. ‘टब नको, सपाट शॉवरची खोली हवी’ ही विनंती बुकिंगच्या दिवशीच लेखी द्या. आयत्या वेळी मिळत नाही. पाण्याचा जेट तिकडे क्वचितच, एक हलका प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका. लिफ्ट आहे का, तळमजल्यापासून आहे की अर्धा जिना चढून, हेही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एसी विचारा, स्वित्झर्लंडमध्ये तो नसणं नेहमीचं. उन्हाळा टाळता आला तर सप्टेंबर उत्तम.

भारतीय जेवण आहे यावर समाधान मानू नका, वेळ विचारा. इन्सुलिन घेणाऱ्याला ‘रात्रीचं जेवण’ साडेसहाला की नऊला, यावर सगळं अवलंबून असतं. लघवीची गोळी किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर दर दोन तासांनी थांबा हवा हे आधी सांगा. कोचमध्ये स्वच्छतागृह असलं तरी ते अनेकदा बंद ठेवतात. बाहेर अनेक ठिकाणी त्यासाठी पैसे लागतात, म्हणून सुटी नाणी प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी.

विमान आणि औषधं

मधल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर दोन-अडीच तासांचा अवधी हवा. व्हीलचेअर तिकिटावर नोंदवावी लागते, निदान ४८ तास आधी. नोंदवताना ‘चालता येतं पण लांब नाही’, ‘पायऱ्या जमत नाहीत’, ‘सीटपर्यंत न्यावं लागतं’ यातलं नेमकं काय ते सांगा. तिन्हींना वेगळी सोय असते. ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच लिहिलं की शिडीवरून चढायची वेळ येते. आणि ही खुर्ची विमानतळापुरतीच, पुढे रोमच्या रस्त्यावर ती येत नाही.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपले ब्रँड तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं. युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. पुण्यातली सकाळी आठची गोळी म्हणजे पॅरिसचे पहाटेचे साडेचार. बदललेलं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

विमा, व्हिसा, पैसे

शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. पॅकेजमधला विमा बहुधा तेवढ्यापुरताच. त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, साठी किंवा सत्तरीनंतर खोलीभाडं आणि शस्त्रक्रियेवर वेगळी मर्यादा आहे का, ही दोन कलमं पॉलिसीच्या शब्दांत वाचा. बीपी-शुगर लपवू नका. दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. लंडन जोडलेली टूर असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असतो. त्यामुळे तीन महिने आधी हालचाल सुरू व्हायला हवी. व्हिसा नाकारला तर आणि प्रवासाआधी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर किती रक्कम परत, हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. टिप्स, शहर कर आणि ‘ऐच्छिक’ सहली किमतीत आहेत का, तेही.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ कर, घेतात. तो ज्याचं पॅन दिलं त्याच्या नावावर जमा होतो. बाबांचं उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही, आणि व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत देतो तसा फॉर्म इथे चालत नाही. मुलाने पैसे भरायचे असतील तर पॅन कोणाचं द्यायचं ते आधी ठरवा.

पहिला हप्ता भरण्याआधी एक चाचणी घ्या. प्रवासात घालायचे तेच बूट घालून लागोपाठ तीन दिवस रोज पाच किलोमीटर चाला. दादरकरांसाठी शिवाजी पार्कभोवती साधारण चार फेऱ्या. त्यातल्या एका दिवशी शेवटी चार मजले जिन्याने चढा. तिसऱ्या संध्याकाळी गुडघा सुजला तर पेन्सिलीने लिहिलेल्या तासांतून चालण्याचे तास कमी असलेली टूर शोधा, किंवा ही तारीख सोडून सप्टेंबरची घ्या आणि मधल्या काळात फिजिओथेरपिस्टकडे जा.