ट्युरिनच्या कफनाबद्दल बोलताना या चुका टाळा

गुड फ्रायडे जवळ आला की ट्युरिनच्या कफनाचे फॉरवर्ड सुरू होतात. एका ग्रुपवर ‘अखेर विज्ञानानेही मान्य केलं’, तर दुसऱ्यावर ‘मध्ययुगातली फसवणूक उघडी पडली’. गंमत म्हणजे दोन्हीकडची मंडळी सारख्याच ठामपणे बोलतात आणि बऱ्याचदा सारखीच घसरतात.

वस्तू काय आहे ते आधी पाहू. इटलीतल्या ट्युरिन शहराच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलेलं हे लिननचं लांबलचक कापड, साधारण ४.४ मीटर बाय १.१ मीटर. त्यावर एका दाढीवाल्या पुरुषाची फिकट पिवळसर छबी आहे, एकदा पुढून आणि एकदा मागून, दोन्ही डोकी एकमेकांकडे केलेली. मनगट, पावलं आणि कुशीपाशी रक्तासारखे डाग. येशूला क्रुसावरून उतरवल्यावर याच कापडात गुंडाळलं, अशी असंख्य भाविकांची श्रद्धा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पुरावा पाहता कापड मध्ययुगातलं वाटतं. पण माझ्या बाजूचे लोकही कमी चुका करत नाहीत, तेव्हा त्यांनाही सूट नाही.

तीन प्रश्नांची खिचडी करू नका

कापड किती जुनं, त्यावरची छबी कशी उमटली आणि ती कुणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. वादात ते एकाच ताटात वाढले जातात आणि मग एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातं.

१९७८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या ‘स्टर्प’ या गटाला कापडाच्या तपासणीसाठी सलग १२० तास मिळाले. १९८१ मध्ये त्यांनी सांगितलं की छबी रंगवलेली दिसत नाही, धाग्यांचे अगदी वरवरचे तंतू तेवढे पिवळे पडले आहेत. त्याच गटाने घेतलेल्या चिकटपट्ट्यांवरचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वॉल्टर मॅक्रोन यांनी उलट निष्कर्ष काढला: गेरू आणि हिंगूळ, म्हणजे चित्रकाराचंच काम. हा वाद आजही मिटलेला नाही. पण समजा, छबी कशी उमटली हे कुणालाच सांगता येत नाही, तरी त्यावरून कापड पहिल्या शतकातलं कसं ठरतं? आणि उलट बाजूने, कापड चौदाव्या शतकातलं निघालं म्हणून ते कुंचल्यानेच रंगवलं होतं हेही ठरत नाही. २००९ मध्ये इटालियन रसायनतज्ज्ञ लुइजी गार्लास्केल्ली यांनी मध्ययुगात मिळणाऱ्या साहित्यातून तशीच प्रतिकृती करून दाखवली. असं करता येतं एवढं त्यातून कळलं, तेव्हा असंच केलं होतं हे नव्हे.

‘निगेटिव्ह’चं गूढही याच खिचडीतलं. २८ मे १८९८ च्या रात्री सेकोन्दो पिया या वकिलाने कफनाचा फोटो काढला. फोटोची काच धुताना त्याला निगेटिव्हवर चेहरा उठून दिसला, एखाद्या खऱ्याखुऱ्या फोटोसारखा. तेव्हापासून ‘फोटोग्राफीचा शोध लागण्याआधी निगेटिव्ह कुणी बनवलं?’ हा प्रश्न फिरतो आहे. एक रुपयाच्या नाण्यावर पातळ कागद ठेवा आणि वरून पेन्सिल घासा. नाण्याचा उंचवटा काळा उठेल, खोलगट भाग कोरा राहील. आता त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे करा. उंचवटे उजळून नाणं बरंचसं खऱ्यासारखं दिसू लागेल. उंच भाग गडद उमटवणारी कुठलीही पद्धत असं ‘निगेटिव्ह’ देते, त्याला कॅमेरा लागत नाही. कफनाची छबी अशीच घासून केली असा माझा दावा नाही. निगेटिव्ह दिसणं हा चमत्काराचा पुरावा होत नाही, इतकंच.

‘कार्बन चाचणी खोटी ठरली’ असं सरसकट म्हणू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबू.

२१ एप्रिल १९८८ रोजी कापडाच्या एका कोपऱ्यातून छोटी पट्टी कापली गेली. तिचे तुकडे कार्बन चाचणीसाठी, म्हणजे उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्यासाठी, ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या प्रयोगशाळांना दिले. सोबत तुलनेसाठी वयाचा अंदाज असलेली आणखी तीन जुनी कापडं होती, त्यात इजिप्तमधल्या एका ममीचं लिननही. देखरेखीला ब्रिटिश म्युझियमचे मायकेल टाइट. निकाल फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला: इ.स. १२६० ते १३९०, विश्वासार्हता ९५ टक्के. हा कालपट्टा आहे. मधलं एक वर्ष उचलून ‘१३२५ साली बनलं’ असं लिहू नका.

या निकालावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिला आक्षेप मळाचा. १५३२ मध्ये, कापड तेव्हा जिथे होतं त्या शाम्बेरीच्या चॅपेलला आग लागली, वितळलेली चांदी घडीवर पडून कापड जळलं, पुढे ननांनी ठिगळं लावली. शिवाय शतकानुशतकांचे हात, मेणबत्त्यांचा धूर. यामुळे वय कमी दिसलं, असं म्हणतात. हिशेब करून पाहा. पहिल्या शतकातलं लिनन चौदाव्या शतकातलं दिसायला नमुन्यातला साठेक टक्के कार्बन अगदी आजचा असावा लागेल. तो सोळाव्या शतकातल्या आगीचा असेल, तर त्याहूनही जास्त. म्हणजे प्रयोगशाळेत कापडापेक्षा मळच जास्त गेला म्हणायचं, आणि तोही तीन ठिकाणी धुऊन, साफ करून झाल्यावर.

दुसरा आक्षेप रफूचा. नमुन्याच्या कोपऱ्यावर नंतर बेमालूम रफू केलं होतं, म्हणून नव्या धाग्याचं वय मिळालं. स्टर्पमधलेच रसायनतज्ज्ञ रेमंड रॉजर्स यांनी २००५ मध्ये याला दुजोरा देणारा लेख लिहिला, म्हणून हा आक्षेप उडवून लावता येत नाही. पण २००२ मध्ये ठिगळं उसवून कापडाची दुरुस्ती करणाऱ्या, जुन्या वस्त्रांच्या जाणकार मेखटिल्ड फ्लूरी-लेंबर्ग यांना तिथे रफूची खूण दिसली नाही. कापडाच्या दोन्ही बाजू ज्यांनी हाताळल्या, त्यांच्या नजरेला मी जास्त मोल देतो.

तिसरा आक्षेप आकडेवारीचा, आणि तो खरोखर दमदार आहे. तिन्ही प्रयोगशाळांची वयं एकमेकांशी नीट जुळत नाहीत: ॲरिझोना ६४६, झुरिक ६७६, ऑक्सफर्ड ७५० रेडिओकार्बन वर्षं (१९५० पासून मागे मोजलेली). २०१७ मध्ये कच्ची आकडेवारी मागवून मिळवली गेली आणि २०१९ मध्ये तिचं फेरविश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यातही हीच विसंगती पुढे आली. एकाच कोपऱ्यातून नमुना घेणं ही चूकच होती आणि नव्याने चाचणी व्हावी ही मागणी रास्त आहे. मात्र फरक आहे शंभरेक वर्षांचा. त्या फटीतून तेराशे वर्षं मागे जाता येत नाही. ‘चाचणी पुन्हा करा’ आणि ‘कापड येशूच्या काळातलं निघालं’ ही दोन वाक्यं एकमेकांना जोडू नका.

‘नवं संशोधन’ म्हणजे कधीचं, ते तपासा

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘कफन २००० वर्षं जुनं, शास्त्रज्ञांचा दावा’ ही बातमी जगभर फिरली. मूळ लेख २०२२ चा होता. क्ष-किरणांनी लिननच्या रेणूंची झीज मोजायची आणि त्यावरून वय काढायचं, अशी ती पद्धत. अर्ध्या-एक मिलिमीटरचा एक धागा तपासला. लेखकांनी स्वतःच अट घातली होती: युरोपात येण्याआधीची तेरा शतकं कापड साधारण २० ते २२.५ अंश तापमानात आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत राहिलं असेल, तरच हे वय जुळतं. त्या तेरा शतकांत ते कुठे होतं हाच तर वाद! बातम्यांमध्ये ही अट गळाली. मथळा वाचून पुढे पाठवण्याआधी लेखाचं वर्ष आणि ‘जर’ने सुरू होणारी वाक्यं शोधा, बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

कागदपत्रं विसरू नका, पण त्यांना वेदवाक्यही मानू नका

हे कापड खात्रीने पहिल्यांदा दिसतं ते फ्रान्समधल्या लिरे गावात, १३५० च्या दशकात, जोफ्रुआ द शार्नी या सरदाराच्या घराण्याकडे. १३८९ मध्ये त्र्वाचे बिशप प्येर दार्सी यांनी आविन्योंचे पोप सातवे क्लेमेंट यांना उद्देशून लिहिलं, की आपल्या आधीच्या बिशपांनी चौकशी केली होती आणि ज्याने ते रंगवलं त्या कलाकाराचा शोधही लागला होता. संशयवादी हे पत्र ब्रह्मास्त्रासारखं फेकतात. पण पत्रात कलाकाराचं नाव नाही, घटना तीसेक वर्षांपूर्वीची, आणि लिरेच्या धर्मगुरूंशी दार्सींचं भांडण चालू होतं. पुरावा मोठा आहे, निर्विवाद नाही. क्लेमेंटनी पुढे प्रदर्शनाला परवानगी दिली ती या अटीवर, की ही येशूच्या खऱ्या कफनाची केवळ प्रतिकृती आहे असं जाहीर सांगावं.

यावरून आणखी एक चूक खोडता येते: ‘चर्चने सत्य दडपलं’. १९८८ चा निकाल १३ ऑक्टोबरला ट्युरिनच्या कार्डिनल बाल्लेस्त्रेरो यांनीच जाहीर केला. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ट्युरिनमध्येच सांगितलं, की अशा प्रश्नांवर निवाडा देणं हा चर्चचा अधिकार नव्हे, ते शास्त्रज्ञांचं काम. कॅथलिकांनी कफन खरं मानलंच पाहिजे असा चर्चचा आग्रह नाही.

डीएनएवरून कफन ‘भारतीय’ करू नका

आपल्याकडची ही खास चूक. २०१५ च्या एका अभ्यासात कफनावरून शोषून घेतलेल्या धुळीत युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडाशी जोडलेले मानवी डीएनए सापडले. कापड भारतात विणलं गेलं असावं अशी शक्यता लेखकांनी मांडली आणि आपल्या माध्यमांनी ती शक्यता थेट मथळ्यात बसवली. पण त्याच धुळीत अमेरिकेतून युरोपात आलेल्या झाडाचेही अंश होते. कोलंबसच्या आधी ते तिथे येणार कुठून? धूळ सांगते कोण कोण जवळ आलं, कापड कुठे विणलं ते ती सांगत नाही.

डीएनए केव्हा उपयोगी पडतो हे पाहायचं तर जुन्या गोव्यात या. जॉर्जियाची राणी केटेवान १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या आज्ञेने मारली गेली. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला आणला. त्यांच्या मठातल्या ‘चॅप्टर चॅपेल’ या प्रार्थनागृहात, खिडकीपाशी, काळ्या दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत होती. त्या नोंदीच्या आधाराने सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याजवळ उत्खनन झालं, हाताचं हाड मिळालं आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने ते तपासलं. आईकडून येणाऱ्या डीएनएचा ‘यू१बी’ हा गट निघाला. २२,००० हून अधिक भारतीयांच्या नोंदींत तो नव्हता, जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांत होता. इथे धूळ तपासलेली नाही, हाड तपासलं आहे. कागद, जागा आणि डीएनए तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. तरीही शास्त्रज्ञांनी शब्द जपूनच वापरले. २०२१ मध्ये भारताने हा अवशेष जॉर्जियाला दिला.

काही किरकोळ पण नेहमीच्या चुका

स्पेनमधल्या ओव्हिएदोचं ‘सुदारिउम’ हे तोंडावरचं वेगळं कापड आहे, ट्युरिनच्या कफनाचा तुकडा नव्हे. त्याची कार्बन तारीख सातव्या शतकाच्या आसपासची आहे.

कापडावर सापडल्याचं सांगितलेल्या परागकणांवरून ‘कापड जेरुसलेमचंच’ म्हणणारे लोक स्विस गुन्हेतपासतज्ज्ञ माक्स फ्राय यांचा हवाला देतात. १९८२ मध्ये हिटलरच्या बनावट डायऱ्यांचं हस्ताक्षर खरं आहे असा निर्वाळा देणाऱ्यांत तेही होते. यावरून परागकण खोटे ठरत नाहीत, पण एकट्या त्यांच्या शब्दावर विसंबू नका.

पहिल्या शतकातलं प्रेतवस्त्र कसं असे, हे अंदाजाने सांगू नका. २००० मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात तसं वस्त्र सापडलं, ते साध्या विणीचं होतं. ट्युरिनचं कापड माशाच्या काट्यासारख्या ट्विल विणीचं आहे. एका नमुन्यावरून नियम होत नाही, तरी नोंद घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

आणि ट्युरिनला जाणार असाल तर कफन बघायला मिळेल असं गृहीत धरू नका. ते आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत असतं, ठरावीक प्रदर्शनाच्या वेळीच लोकांपुढे येतं. मोठं प्रदर्शन २०१५ मध्ये झालं होतं. एरवी कॅथेड्रलमध्ये पेटीपुढे प्रार्थना करता येते. शहरात कफनाचं स्वतंत्र संग्रहालय आहे, तिथे हुबेहूब आकाराची प्रतिकृती आणि पियाचा कॅमेरा ठेवला आहे. हाताशी एकच दुपार असेल, तर मी आधी संग्रहालय गाठीन.