लुटीचा हिशेब: टेबलटॉप खेळात खजिना आणि जादूच्या वस्तूंचा व्यवहार कसा सांभाळावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ. त्याचा कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची (सेशनची) सलग मोहीम, काही महिने चालला की बऱ्याच टेबलांवर तीच तक्रार ऐकू येते: पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या, गाठीला हजारो सोन्याची नाणी आहेत आणि घेण्यासारखं काही उरलेलं नाही. मग खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, घाईघाईने एखादं 'जादूचं दुकान' उघडतो आणि कॅम्पेनचं सुपरमार्केट होतं. हे टाळायचं तर लूट वाटण्याआधीच ती कुठे खर्च होणार हे ठरवायला हवं. खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या नियमांतले आहेत. तुमचा खेळ वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

1. आधी मजुरी पाहा, मग खजिना

10 तांब्याची नाणी म्हणजे 1 चांदीचं, 10 चांदीची म्हणजे 1 सोन्याचं. साध्या मजुराला दिवसाला 2 चांदीची नाणी मिळतात. म्हणजे पहिल्याच गुहेतून पार्टीने 500 सोन्याची नाणी आणली, तर ती त्या मजुराची 2,500 दिवसांची कमाई झाली. असा पैसा घेऊन चौघे अनोळखी गावात शिरले तर गाव गप्प बसेल का? खानावळवाला भाव वाढवील, कुणी लग्नासाठी कर्ज मागायला येईल, जकातदार चौकशीला येईल. पैसा खेळात उतरायला इथूनच सुरुवात होते.

2. रोकड कमी, माल जास्त

नियमांत मालाचेही भाव दिलेले आहेत आणि गोव्याच्या माणसाला ते वाचताना मजा येते: एक पौंड मिरी 2 सोन्याची नाणी, लवंग 3, केशर 15. नाणी 50 ला एक पौंड भरतात. तेव्हा 400 नाण्यांचं सोनं 8 पौंडांत मावतं, पण तेवढ्याच किमतीची मिरी 200 पौंड, म्हणजे जवळपास 90 किलो. ती गुहेतून बाहेर कोण काढणार? बैलगाडी हवी, हमाल हवेत, वाटेत पाऊस लागला तर ताडपत्री हवी. मुद्देमाल तेवढाच, पण त्यातून एक आख्खं सेशन निघतं. रत्नं, दागिने आणि असा व्यापारी माल बाजारात पूर्ण किमतीला जातो. वापरलेली तलवार-चिलखतं मात्र अर्ध्या भावात, हे आधीच सांगून टाका, म्हणजे मेलेल्या प्रत्येक गॉब्लिनचे भाले कुणी गोळा करत बसणार नाही.

3. वाटणी: पावणी घाला

रोख पैशाची समान वाटणी करा आणि एक वाटा पार्टीच्या सामायिक खात्यात टाका. औषधं, दोऱ्या, मेलेल्याला उठवण्याचा खर्च त्यातून. वही एकाच खेळाडूकडे असावी, डीएमकडे नको.

भांडण होतं ते जादूच्या वस्तूंवरून. दोघांना एकच अंगठी हवी असली की डाइस टाकून निकाल लावणं सोपं, पण हरलेला आठवडाभर धुसफुसत राहतो. त्यापेक्षा आपल्या गावांत शेतांची, देवळातल्या फळांची होते तशी पावणी, म्हणजे लिलाव, घाला. समजा चौघांकडे प्रत्येकी 150 नाणी आहेत. बोली 40 वरून 90 पर्यंत चढली आणि चौघांतल्या रेंजरने अंगठी घेतली. त्याचे 90 उरलेल्या तिघांत 30-30 वाटून टाकायचे. ज्याला वस्तू मिळाली नाही त्याच्या पदरात निदान पैसे पडतात.

4. विकायचं ठरलं की गिऱ्हाईक शोधा, दुकान नव्हे

काही वस्तूंची जादू वापरायला कॅरेक्टरला, म्हणजे पात्राला, आधी त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. याला अट्यूनमेंट म्हणतात आणि ते एका वेळी तीनच वस्तूंशी करता येतं, त्यामुळे जास्तीच्या वस्तू निघणारच. वस्तू किती दुर्मिळ यावरून किमतीचे पट्टे असे (सोन्याच्या नाण्यांत): कॉमन 50 ते 100, अनकॉमन 101 ते 500, रेअर 501 ते 5,000, व्हेरी रेअर 5,001 ते 50,000. पट्टे मुद्दामच रुंद आहेत. नेमका भाव गिऱ्हाइकाच्या गरजेवर ठरू दे.

पाण्यावर चालवणारी अंगठी घ्या. ती अनकॉमन. कोरड्या डोंगरगावात तिला कोण विचारतो? पण खाडीकाठी बांध घालून राखलेली खाजन शेतं आहेत, तिथे मानशीचा (बांधातल्या पाण्याच्या दाराचा, जिथे मासळी धरतात) ठेका घेतलेला एक माणूस आहे, आणि भरतीला बांध कुठे फुटतोय हे त्याला रात्री-अपरात्री बघावं लागतं. त्याच्याकडे रोख 200 आहेत. पार्टीला 400 हवेत. तो म्हणतो, ''दोनशे आता घ्या, आणि वर्षभर मानशीत सापडेल त्या सुंगटांतला (कोळंबीतला) चौथा हिस्सा तुमचा.'' आता या पार्टीला त्या गावात परत यायला कारण आहे, आणि बांध फोडायला निघालेल्या राक्षसाशी तिचं वैयक्तिक वैर आहे.

प्रत्येक वस्तूसाठी अशी दोन-तीन गिऱ्हाइकं हाताशी ठेवा: एकाकडे रोकड, दुसऱ्याकडे माहिती, तिसऱ्याकडे ओळख. घासाघीस अभिनयातून होऊ द्या, पण डाइस एकदाच टाका. पाचव्यांदा 'अजून थोडं कमी करा' सुरू झालं की टेबलावरचे बाकीचे मोबाईल काढतात.

शापित वस्तू विकली गेली तर? ओळखण्याच्या मंत्रातूनही बहुतेक शाप कळत नाहीत, त्यामुळे पार्टीने अजाणतेपणी फसवलेलं गिऱ्हाईक दोन सेशननंतर माणसं घेऊन दारात उभं करा.

5. खरेदीला वेळ आणि परवाना लावा

2017च्या पूरक नियमांनुसार जादूची वस्तू विकणारा शोधायला निदान कामाचा एक आठवडा (पाच दिवस) आणि 100 सोन्याची नाणी लागतात. याला चिकटून राहा. त्यावर सत्तेचा हात ठेवायचा असेल तर आपल्या इतिहासात तयार नमुना आहे. पोर्तुगीज समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा करत, आणि तो नसलेलं जहाज जप्त होई. 1510 नंतर अरबी घोड्यांचा व्यापारही त्यांनी गोव्याच्या बंदरात ओढून घेतला. तुमच्या राज्यातही जादूच्या शस्त्राला कार्ताझ लागतो म्हणा. चोरबाजार, लाचखाऊ अधिकारी, बनावट शिक्का सगळं ओघाने येतं.

6. आधीच जास्त देऊन बसला असाल तर

रात्री चोर पाठवून वस्तू पळवू नका, खेळाडू ते कधीच विसरत नाहीत. मोठे खर्च समोर ठेवा: 1,500 नाण्यांचं प्लेट चिलखत, दुरुस्तीला आलेलं गलबत. वस्तूच जास्त झाल्या असतील तर तलवारीचा आधीचा मालक आणा, जो ती परत विकत घ्यायला तयार आहे पण पडेल तो भाव देणार नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढच्या सेशनआधी चहावर सरळ बोला, ''लूट जरा जास्त झालीय, पुढच्या दोन लेव्हल हात आखडतो.'' बहुतेक खेळाडूंना ते आधीच जाणवलेलं असतं.