केगलच्या आधी हे करून बघा: पेल्विक फ्लोअर ओळखायचा हळू सराव

शिंक आली की थोडी लघवी होते, जोरात हसलं की पाय जुळवून उभं राहावं लागतं, डिलिव्हरीनंतर खाली जड जड वाटतं, पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती सुरू होते... असं काही कुणाला सांगितलं की लगेच सल्ला येतो, केगल करा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेले पेल्विक फ्लोअरचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम करा. मग आपण घरी येऊन आवळायला सुरुवात करतो, पण नक्की काय आवळतोय हे बहुतेकांना कळतच नाही. पोट आत ओढलं जातं, कुल्ले घट्ट होतात, मांड्या एकमेकींना चिकटतात, श्वास अडकतो, आणि जो स्नायू हलायला हवा तो बऱ्याचदा जागचा हलत नाही. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात त्यांना फक्त तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितलं तर जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला आणि साधारण पाव जणी तर उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असंच काहीतरी करत होत्या. आणि ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली जेव्हा त्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते दाब मोजायचं एक छोटं यंत्रही वापरत होते, स्नायू खरंच आवळला जातोय का हे त्या बाईला स्वतःला दिसावं म्हणून. पुढे व्यायाम सगळीकडे पोचला आणि हा समजून घ्यायचा भाग मागे राहिला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, पहिले काही आठवडे ताकद वगैरे विसरा, आधी तो भाग जाणवू दे आणि सैल सोडता येऊ दे.

हा भाग आहे तरी कुठे

खुर्चीत ताठ बसा आणि दोन्ही हात तळवे वर करून कुल्ल्यांखाली सरकवा. बोटांना दोन टणक हाडं लागतील, ती बसायची हाडं. पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली जिथे केस असतात तिथे दाबलं की एक हाड लागतं, ते पुढचं टोक. मागे पाठीच्या कण्याचा शेवट, माकडहाड, ते मागचं टोक. या चार टोकांच्या मधे स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो, त्यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय सगळं त्याच्या आधारावर असतं. बायकांमध्ये लघवीची जागा, योनी आणि गुद या तिन्ही वाटा त्यातून जातात, पुरुषांमध्ये दोन. पुरुषांना हा स्नायू नसतो असं अजूनही अनेकांना वाटतं, तसं काही नाही, सराव दोघांनाही सारखाच उपयोगी आहे.

आता श्वासाचा संबंध काय ते बघा, कारण सगळा सराव त्याच्यावरच उभा आहे. श्वास आत घेतला की छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, डायफ्रॅम, खाली सरकतो, त्यामुळे पोटातले अवयव थोडे खाली ढकलले जातात आणि पेल्विक फ्लोअर त्यांना जागा द्यायला हलकासा खाली जातो, पसरतो. श्वास सोडला की दोन्ही परत वर येतात. हे दिवसभर आपोआप चालू असतं, झोपेतसुद्धा. पण जो माणूस सतत पोट आत ओढून वावरतो किंवा वरवर छातीतच श्वास घेतो त्याच्यात ही हालचाल फारच कमी होते. पोट आत घे, ताठ उभी राहा हे मुलींना इतकं ऐकवलेलं असतं की कित्येक जणींचं पोट सैल सोडायलाच बरेच दिवस लागतात, तेव्हा लगेच जमलं नाही तर नाराज होऊ नका.

पडून श्वास

लघवीला जाऊन या, कंबरेला सैल असलेले कपडे घाला, भरल्या पोटी करू नका. उताणं झोपा, गुडघे वर, पाऊल जमिनीवर टेकलेलं, डोक्याखाली पातळ उशी. गुडघे धरून ठेवायला कष्ट पडत असतील तर त्यांच्याखाली मोठी उशी किंवा लोड घ्या. एक हात बरगड्यांवर ठेवा, दुसरा ओटीपोटावर.

सुरुवातीला काहीच करू नका, फक्त श्वास कुठवर पोचतोय ते बघा. मग नाकाने सावकाश आत घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू दे, पोट हाताखाली वर येऊ दे, मुद्दाम फुगवायचं मात्र नाही. श्वास आत येताना मनातल्या मनात लक्ष बसायच्या हाडांच्या मधे न्या, तिथे थोडं पसरल्यासारखं, गुदाजवळ थोडं सैल झाल्यासारखं वाटतंय का. सोडताना ओठ किंचित उघडे ठेवून लांब सोडा, वर काही खेचू नका, ते आपलं आपण वर येईल. आत घ्यायला साधारण ४ आकडे, सोडायला ६, पण आकडे मोजताना ताण येत असेल तर मोजणं सोडून द्या.

हे ५ मिनिटं. काही जणांना पहिल्या दिवशी जाणवतं, काही जणांना दोन आठवडे काहीच नाही. काहीच कळत नसेल तर स्वच्छ हाताची दोन बोटं कपड्यावरूनच योनी आणि गुद यांच्या मधल्या जागेवर अगदी हलकी ठेवा, पुरुषांनी अंडकोष आणि गुद यांच्या मधे. श्वास आत जाताना ती जागा बोटांकडे येते आणि सोडताना किंचित दूर जाते. फार सूक्ष्म असतं ते, पण एकदा बोटांना कळलं की आतूनही कळायला लागतं. लाजायचं काहीच कारण नाही, आपलंच शरीर आहे.

आणि हो, जबडा. दात घट्ट मिटलेले असले, जीभ टाळूला दाबलेली असली, खांदे कानाशी आलेले असले की खालीही बऱ्याचदा तसंच आवळलेलं असतं. दात सुटे ठेवून एकदा करून बघा, फरक पडतो का ते स्वतःच ठरवा.

टॉवेलवर बसून

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, कारण यात अंदाज बांधावा लागत नाही. छोटा नॅपकिन घट्ट गुंडाळून साधारण अंगठ्याइतकी जाड वळकटी करा. कडक बैठकीच्या खुर्चीवर ती पुढून मागे अशी ठेवा आणि त्यावर असं बसा की ती दोन्ही बसायच्या हाडांच्या बरोब्बर मधे येईल. पावलं जमिनीवर. आता तोच श्वास. आत घेताना वळकटीवर थोडा दाब वाढल्यासारखा वाटेल, सोडताना कमी. मग थोडे पुढे झुका, वजन पुढच्या बाजूला येईल. पाठ थोडी गोल करून मागे टेका, वजन गुदाच्या बाजूला येईल. डावीकडे, उजवीकडे. एका बाजूला कमी जाणवतंय, एक बाजू जास्त कडक वाटतेय असं कळलं तरी खूप झालं, ते आजवर कळतच नव्हतं. २-३ मिनिटं पुरे, नंतर वळकटी काढून नुसतं बसा, लगेच फरक कळतो.

हालचाली

यात नाव मोठं आणि आसन परफेक्ट असायची काही गरज नाही. दुखेल इथपर्यंत कशालाच जायचं नाही.

उताणं पडूनच सुरुवात करा. श्वास सोडताना कंबर हळूच जमिनीला टेकवा, घेताना परत सोडा की कंबरेखाली थोडी पोकळी येईल. हालचाल दोन बोटांइतकीच, कुल्ले न आवळता. ८-१० वेळा झालं की दोन्ही गुडघे जोडून हळूहळू एका बाजूला कलू दे, मग दुसऱ्या.

मग रांगत्या स्थितीत या, तळहात खांद्यांखाली, गुडघे कंबरेखाली. श्वास घेताना माकडहाड मागे-वर जाऊ दे आणि पोट खाली लोंबू दे, खरंच लोंबू दे, इथे कुणी बघत नाहीये. सोडताना पाठ गोल, माकडहाड खाली. हे मार्जारासन सगळ्यांना माहीत असतं पण बहुतेक जण त्यात पाठीकडेच लक्ष देतात, तुम्ही बसायच्या हाडांकडे द्या, श्वास घेताना ती एकमेकांपासून लांब जातात आणि सोडताना जवळ येतात. इथूनच कंबर गोल गोल फिरवा, दोन्ही दिशांनी.

तिथूनच गुडघे रुंद करून मागे टाचांवर बसा आणि पुढे उशीवर डोकं टेका. माझ्या मते सैल सोडायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण पुढून पोट अडतं म्हणून श्वास आपोआप पाठीत आणि खाली जातो. गुडघे दुखत असतील तर मांड्या आणि पोटऱ्यांच्या मधे उशी घ्या. १०-१२ श्वास आरामात राहा.

उकिडवं बसता येत असेल तर दाराची चौकट किंवा जड टेबल धरून टाचांखाली घडी घालून टॉवेल ठेवून बसा, अर्धा मिनिट. खाली जड वाटत असेल किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर हे करूच नका, त्याऐवजी पाठीवर पडून तळवे एकमेकांना लावा आणि गुडघे दोन्ही बाजूंनी उशांवर सोडून द्या.

आता हलकंसं आवळणं

सैल सोडलेलं कसं वाटतं हे एकदा ओळखीचं झालं की मगच इकडे या. झोपूनच करा. श्वास घ्या, सोडायला लागा आणि सोडतानाच चारचौघांत गॅस अडवावा तसं मागे किंचित आत-वर घ्या, मग तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. पुरुषांनी लिंग मुळाशी थोडं आत ओढल्यासारखं आणि अंडकोष वर उचलल्यासारखं करून बघावं. जोर पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांश इतकाच. ३ सेकंद धरा, धरताना बोलता आलं पाहिजे, नाहीतर श्वास अडकलाय असं समजा. मग सोडा आणि निदान ६ सेकंद थांबा, पूर्ण खाली आलंय हे कळेपर्यंत पुढचं करायचं नाही. ५-६ वेळा बस. कुल्ल्यांवर हात ठेवून ते कडक होत नाहीत ना बघा. योगातला मूलबंध ज्यांनी केलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथेही लोक जोर लावतात, इथे नको.

लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. मूत्राशय रिकामं व्हायच्या क्रियेत त्याने अडथळा येतो. जागा ओळखायला एखाद वेळी केलं तर ठीक, व्यायाम म्हणून नाही.

रोजच्या जगण्यात याचा पहिला उपयोग खोकताना होतो. खोकला किंवा शिंक येतेय असं कळलं की त्याच्या क्षणभर आधी हलकं आवळायचं आणि नंतर सोडून द्यायचं. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ही युक्ती शिकलेल्या बायकांची खोकतानाची गळती आठवड्याभरात बरीच कमी झाली होती. जड वस्तू उचलतानाही तसंच, उचलताना श्वास सोडा.

दुसरा उपयोग संडासात. गुदाभोवती एक स्नायू मागून वळसा घालून असतो, तो सैल पडला की वाट सरळ होते. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतात, कोपर मांड्यांवर टेका, तोंड उघडं ठेवून लांब श्वास सोडा, पोट फुलू दे. कुंथू नका. वर्षानुवर्षं कुंथण्याने पेल्विक फ्लोअरवर जो ताण येतो त्यापुढे आपला १५ मिनिटांचा सराव काहीच नाही.

कुणी थांबायचं, कुणाला विचारायचं

लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, टॅम्पॉन किंवा तपासणी सहन होत नाही, बसून बसून खाली दुखतं, अशा वेळी स्नायू बऱ्याचदा कमकुवत नसून सतत आवळलेला असतो, तिथे आवळायचा भाग पूर्ण सोडा आणि फक्त श्वास आणि सैल सोडणं करा, आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. गरोदर असाल तर तिसऱ्या महिन्यानंतर फार वेळ उताणं पडू नका, कुशीवर करा. डिलिव्हरी किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, लघवीची नळी (कॅथेटर) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवीत रक्त, योनीतून गोळा बाहेर आल्यासारखं वाटणं, ताप आणि जळजळ यासाठी व्यायाम करत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. आणि बसायच्या जागेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला अचानक बधिर झालं, लघवी किंवा शी कळेनाशी झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, मणक्यातल्या नसा दबल्या असू शकतात.

बाकी सगळ्यांनी श्वास आणि हालचाली रोज १०-१५ मिनिटं केल्या तरी चालतं, एखादा दिवस राहिला तरी बिघडत नाही. गळतीसाठी ताकदीचा व्यायाम करायचा असेल तर ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस (NICE) संस्थेच्या सूचनेत दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळी निदान ८ आकुंचनं, आणि तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली कमीत कमी ३ महिने असं सांगितलंय. तेव्हा पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका, आणि पहिल्या भेटीतच त्या तज्ज्ञांना सांगा की बरोबर आवळतेय का आणि पूर्ण सुटतंय का, दोन्ही तपासून द्या.