‘ॲबा’चे आपले आवडते गाणे कसे ठरवावे

स्वीडनच्या ‘ॲबा’ या चौघांच्या समूहाचे एकच गाणे निवडायचे असेल, तर १९९२ मध्ये निघालेल्या ‘ॲबा गोल्ड’ या संकलनापासून सुरुवात करावी. मात्र तेथेच थांबू नये, कारण १९८२ मधले ‘द डे बिफोर यू केम’ हे विलक्षण उदास गाणे त्यात नाही.

पहिल्या फेरीत फक्त आवाज ऐकावेत. समूहातल्या दोन गायिकांपैकी ‘फर्नांडो’मध्ये फ्रिडाचा खालच्या पट्टीतला भरदार आवाज पुढे आहे, तर ‘एसओएस’मध्ये आन्येताचा आर्त आवाज. ‘डान्सिंग क्वीन’मध्ये दोघी एकत्र गातात आणि ते गाणे थेट ध्रुवपदाच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळे ऐकणारा पहिल्याच ओळीत आनंदाच्या ऐन भरात जाऊन पोहोचतो. हेडफोन लावून ऐकल्यास एकावर एक चढवलेल्या आवाजांचे थर स्पष्ट जाणवतात.

दुसऱ्या फेरीत शब्दांकडे वळावे. १९८० मधल्या ‘द विनर टेक्स इट ऑल’चे शब्द समूहातल्याच ब्यॉर्नने आपल्या घटस्फोटाच्या सुमारास लिहिले आणि ते गायले त्याच्यापासून विभक्त झालेल्या आन्येताने, ही पार्श्वभूमी ठाऊक नसतानाही तिच्या स्वरातली जखम जाणवते, आणि म्हणूनच माझ्या मते ते त्यांचे सर्वश्रेष्ठ गाणे आहे. तरीही युरोव्हिजन ही युरोपातली गीतस्पर्धा जिंकणारे १९७४ चे ‘वॉटरलू’ कोणाला अधिक भावले, तर त्याने संकोच करू नये.

शेवटी उरलेली दोन-तीन गाणी काही दिवस बाजूला ठेवावीत आणि त्यांतले जे आपोआप ओठांवर येईल, ते निवडावे.