जुनं बिलियर्ड टेबल दुरुस्त करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो, कारण ती करायला निघालेले लोक दरवर्षी भेटतात: 12 फुटी टेबल कापून 9 फुटी पूल टेबल करणं.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरी आजोबांच्या वेळचं टेबल होतं. बर्मा सागवानाचा सांगाडा, खरादावर काढलेले आठ पाय. बंगला पाडून फ्लॅट झाले, टेबल काही हॉलमध्ये मावेना. "थोडं कापून घ्या ना भाऊ," असं कोणीतरी सुचवलं आणि फरशीवाला मार्बल कटर घेऊन आला. आता 12 बाय 6 च्या टेबलात स्लेटच्या पाच लाद्या असतात. 9 फुटी टेबल रुंदीला साडेचार फूट. म्हणजे नुसती लांबी घटवून भागत नाही, उरलेली प्रत्येक लादी रुंदीतही कापावी लागते. स्लेट हा थरांचा दगड, कटर फिरला तसे कडेचे पापुद्रे सुटले. मधल्या लादीची पॉकेटची, म्हणजे बॉल पडायच्या भोकाची, गोलाई कापण्यातच गेली. ती नव्याने कोरायला घेतली आणि लादी आरपार तडकली. मला बोलावणं आलं ते त्यानंतर! कापलेल्या सांगाड्याला जुन्या वस्तूंचे व्यापारीही हात लावत नाहीत.

बरं, हे टेबल मुळात सुटं होणारंच असतं. बोल्ट काढा, लाद्यांवर खडूने नंबर टाका, उभ्या करून ठेवा, नाहीतर एखाद्या क्लबला द्या. पूलच खेळायचाय ना, तर तयार टेबल घ्या.

याचंच धाकटं भावंड म्हणजे पॉकेट मोठी करणं. पूलचा बॉल साधारण 57 मिलिमीटरचा, बिलियर्ड-स्नूकरचा 52.5, आणि या टेबलाची पॉकेट त्या लहान बॉलसाठीच असतात. बॉल अडकतो म्हणून लोक कानस घेऊन बसतात. अहो, स्नूकर जन्मलं तेच आपल्या शेजारी जबलपुरात, 1875 मध्ये. या टेबलावर तेच खेळा की.

पॉलिशचं म्हणाल, तर हातात सँडर आला की माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. आधी पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवून बघा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. ते घासून काढायची गरज नसते, त्यावरच लाख-स्पिरिटचे हात देता येतात. मी तेच करतो, वेळ लागला तरी. घाईवाल्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हवं असतं. ते चकाकतं खरं, पण पुढे काढायचं झालं तर वरचं लाकूडही सोबत घेऊन जातं.

कापड, कडेच्या कुशनचं रबर, पॉकेटचं चामडं बिनधास्त बदला, ते झिजण्यासाठीच असतं. फक्त रबर बिलियर्डच्या आकाराचं घ्या, पूलचं नको.

लाद्यांच्या सांध्यात अराल्डाइट भरू नका. मेण भरा, म्हणजे पुन्हा उघडताना कडा फुटणार नाहीत.

नावाची पितळी पट्टी बफ करू नका, अक्षरं जातात.

आणि मे महिन्यात, डेझर्ट कूलरच्या तोंडाशी टेबल ठेवून पाणसळ लावत बसू नका. ओल्या हवेने लाकूड फुगतं, कापड जड होतं, आणि जुळवलेली पातळी कूलर बंद झाल्यावर हलते. दिवाळीनंतर लावा, तोवर बॉल थोडा वाकडा गेला तर जाऊ द्या.