पोदेराची सायकल आणि माझं पहिलं बिल

अ‍ॅनिमेशनचं पैसे मिळणारं पहिलं काम आलं की आपण आधी पात्र हलवायला बसतो. मीही बसले आणि चार दिवस फुकट घालवले.

काम वीस सेकंदांचं होतं. गोव्यात म्हापशातल्या एका बेकरीसाठी सायकलवरून पाव विकणारा पोदेर करायचा होता. मागे बांबूची टोपली, हँडलला भोंपू, आणि शेवटी दारात थांबून तो पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, पुढे करतो. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं; एकूण 480. सगळं ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं, त्याला एक पैसा लागला नाही.

ब्लेंडर उघडण्याआधी व्हॉट्सॲपवर चार गोष्टी लिहून घ्या: किती सेकंद, आडवा की उभा व्हिडिओ, बदलांच्या किती फेऱ्या, पैसे कधी. अर्धे पैसे मी आधीच मागितले. मागताना लाज वाटली, पण मिळाले. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. ब्लॉकिंग (हालचालीचा कच्चा आराखडा) मंजूर झाल्यावर ‘पोदेर डावीकडून येऊ दे’ असं कोणी म्हटलं तर तो बदल नव्हे, नवं काम. तेवढं न लिहिल्यामुळे दोन रात्री गेल्या.

ब्लॉकिंग म्हणजे फक्त मुख्य पोझ. माझ्या चौदा होत्या. मधली हालचाल गुळगुळीत करायची नाही, एका पोझवरून थेट दुसरीवर उडी. ग्राहकाला दाखवायची वेळ हीच, कारण इथे पोझ बदलायला दहा मिनिटं लागतात आणि पुढे त्यालाच एक दिवस जातो. पण आधी सांगून ठेवा की हे मुद्दाम अडखळतंय. मी सांगितलं नव्हतं, तर फोन आला, ‘व्हिडिओ बिघडलाय काय?’

व्हिडिओवर फ्रेमचा आकडा छापलेला असू द्या. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये मेटाडेटा, म्हणजे फ्रेमचा आकडा वगैरे माहिती, चित्रावर छापायची सोय आहे. मग समोरचा ‘ते मधलं जरा विचित्र वाटतं’ न म्हणता ‘212 ला काहीतरी होतं’ म्हणतो.

आणि ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न कधीच पाठवू नका. उत्तरात अंगठा येतो, तक्रारी रेंडर झाल्यावर, म्हणजे अंतिम चित्रं तयार झाल्यावर, येतात. मी तीन प्रश्न पाठवले: टोपली भरलेली वाटते की रिकामी? हा दमलाय की खुशीत आहे? पोई नेमकी कधी दिसली?

अभिप्राय तीन प्रकारच्या माणसांकडून घ्या. पहिला अ‍ॅनिमेशनवाला. माझ्या मित्राने 212 वरचा गुडघा पकडला. पेडल खाली जाताना पाय पूर्ण ताणला जात होता, आणि आयकेमध्ये (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वाकवणारी सोय) पाय पूर्ण सरळ झाला की गुडघा झटका मारतो. कंबर किंचित खाली घेतली, झटका गेला.

दुसरा, यातलं काहीच न कळणारा. आई म्हणाली, ‘ह्याला सायकल मारायला काही कष्टच पडत नाहीत गो. जरा घाम दाखव.’ घाम मी दाखवला नाही. पण कष्ट दिसत नाहीत, हे खरंच होतं.

का दिसत नाहीत, ते तिसऱ्याने सांगितलं: खुद्द आमच्या पोदेराने. सकाळी सहाला दारात त्याला मोबाइल दाखवला. तो म्हणाला, भरल्या टोपलीने निघताना पहिल्यांदा हँडल डगमगतं, वेग आला की सरळ होतं. माझा पोदेर पहिल्या पेडलपासून सेकंदाला एक फेरा मारत होता, जणू टोपलीत कापूस. मग पहिला फेरा 40 फ्रेमचा केला, दुसरा 32 चा, तिथून पुढे 24. पहिल्या दोन फेऱ्यांत हँडल डावं-उजवं, आणि टोपली सायकलीपेक्षा दोन फ्रेम उशिरा झुकते. बस्स, वजन आलं.

असे सगळे शेरे वहीत तीन रकान्यांत मांडते: फ्रेम, त्यांनी काय म्हटलं, मला कारण काय वाटतं. तिसरा रकाना भरल्याशिवाय की-फ्रेमला, म्हणजे पोझ नोंदवलेल्या फ्रेमला, हात लावत नाही. शेवटी आवाज बंद करून एकदा, चित्र आरशासारखं उलटवून एकदा पाहायचं.

रेंडर थेट व्हिडिओत करू नका, एकेक चित्र पीएनजीत काढा. पावसाचे दिवस, 300 वी फ्रेम झाली आणि वीज गेली. परत आल्यावर 301 पासून सुरू केलं. व्हिडिओ फाइल असती तर पहिल्यापासून.

बिल शेवटच्या व्हिडिओबरोबरच पाठवा, मूळ फाइल उरलेले पैसे आल्यावर.

पोदेराला तयार व्हिडिओ दाखवला तेव्हा तो सायकलीकडे बघेचना. ‘पोंपो असो वाजना,’ म्हणाला आणि स्वतःचा भोंपू वाजवून दाखवला. मी तो मोबाइलवर रेकॉर्ड करून घातला. बेकरीवाल्याचा शेवटचा मेसेज फक्त त्या आवाजाबद्दल होता.