शाळेबाहेरची कामं: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षणसेवकांसाठी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर सिंधुदुर्ग लागलं की घाटावरची मुलं फोन करून अंतर विचारतात. मग पाऊस, साप, भाड्याची खोली, मटण मिळतं का, आणि शेवटी आंतरजिल्हा बदली कधी होते. मराठवाड्यातून देवगड तालुक्यात आलो तेव्हा माझेही प्रश्न हेच होते. शिकवण्याशिवाय आपल्याकडून काय काय करून घेतील, हे मात्र कोणी विचारत नाही.

इथली गावं वाड्यावाड्यांत विखुरलेली, त्यामुळे शाळा लहान. शिक्षक दोन, त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक. लिपिक नाही, शिपाई नाही. कुलूप उघडणं, टाकीत पाणी चढवणं, यू-डायस म्हणजे शाळेची वार्षिक माहिती ऑनलाइन भरणं, मुलांचे आधार दुरुस्त करून घेणं, सगळं तुमच्याकडे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवताना, आधार वैध असलेली मुलंच धरतात, म्हणून आधारच्या कामाला मी तरी बाहेरचं काम म्हणत नाही. पट कमी असलेल्या शाळेत त्यावर तुमचीच जागा टिकते.

सगळ्या कामांना सरसकट 'अशैक्षणिक' म्हणून नाकं मुरडणारे सहकारी भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, कारण कायदा असा सरसकट बोलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ पाठ करून ठेवा. शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये, पण तीन गोष्टी सोडून: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. निवडणुकांत ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेपासून विधानसभा-लोकसभेपर्यंत सगळ्या आल्या. या तिन्हींत 'माझं काम नाही' म्हणायला जागा नाही. आणि आपत्ती इथे कागदावरची नसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे शाळांचीच छपरं उडाली होती. अशा वेळी शाळेत लोकांची सोय करायला सांगितली, तर कलम काढून बसू नका.

सर्वांत जास्त वेळ खातं ते बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम. नमुना ६ नव्या नावासाठी, ७ वगळण्यासाठी, ८ दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी, इतकं प्रशिक्षणात सांगतात. यादीतल्या कितीतरी घरांना कुलूप असतं आणि माणसं मुंबईत, विरार-डोंबिवलीला असतात, हे तिथे कोणी सांगत नाही. जुलैच्या पावसात बंद दारं ठोठावण्यात अर्थ नसतो. घरं उघडतात ती गणपतीत आणि शिमग्याला. मुदत साधत असेल तर चाकरमान्यांच्या घरी तेव्हाच जा. गणपतीच्या सुटीत इथेच राहावं लागेल हे खरं, पण एका दुपारी जेवढी घरं होतात तेवढी एरवी आठवड्यात होत नाहीत. शिवाय प्रत्येक घरी मोदक. 'मुंबईचं नाव ठेवू की गावचं' यावर तिथे भाऊभाऊ भांडतील. तुम्ही फक्त एवढंच सांगा की नाव एकाच ठिकाणी राहील. कोणतं ठेवायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. पुढे सरपंचपदाची निवडणूक आली की तुमच्या त्या एका वाक्याची गावात आठवण काढली जाते.

हे काम टाळता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३२ खाली मतदारयादीच्या कामात कर्तव्यच्युती केली तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद आहे. पण दुसरी बाजूही माहीत हवी. २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षकांना यादी आणि निवडणुकीच्या कामाला शक्यतो सुटीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी लावावं. भर वर्गात फोन आला तर 'साडेचारनंतर जातो' हे नम्रपणे सांगता येतं, आणि सांगावंच. दोन शिक्षकी शाळेतला एक गेला तर चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

यानंतर उरतात ती व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी कामं. 'आज चार वाजेपर्यंत माहिती सादर करावी, अतितातडीचे.' कोणाच्या सहीचं पत्र नाही, जावक क्रमांक नाही. दहा मिनिटांत होणारं असेल तर मी करून टाकतो, वाद घालण्यातच त्याहून जास्त वेळ जातो. पण घरोघरी फिरायचं सर्वेक्षण असेल, तर लेखी आदेश मागायचा. मागायची रीत मात्र महत्त्वाची. 'हे आमचं काम नाही' असं शिक्षणसेवकाने केंद्रप्रमुखांना म्हणायचं नसतं. तीन वर्षं १६,००० रुपये मानधनावर काढायची असतात आणि पुढे नियमित होताना त्यांचा शब्द लागतो. 'साहेब, फिरतीच्या रजिस्टरला लावायला आदेशाची प्रत मिळाली तर बरं होईल' एवढं म्हणा. आमच्याकडे एकदा अशाच एका सर्वेक्षणाची प्रत मागितली, ती आलीच नाही, आणि ते कामही पुन्हा कोणी विचारलं नाही. मोठ्या प्रश्नावर एकट्याने भांडू नका, त्यासाठी संघटना आहेत. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर संघटनांनी बहिष्कार टाकला, तो काही कुणा एका गुरुजींचा हट्ट नव्हता.

आदेश आला की त्याची एक प्रत शाळेत, एक स्वतःकडे. हजेरीपटावर कुठल्या कामाला गेलात ते लिहायचंच. पालक किंवा पाहणीला आलेले विस्तार अधिकारी 'गुरुजी कुठे' विचारतील तेव्हा उत्तर कागदाने द्यायचं.

पोषण आहाराचंही नीट समजून घ्या. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. साठा नोंदवही रोज लिहा, शनिवारी एकदम नको. चव घेऊन चव रजिस्टरवर सही करा. हे सोपं आहे. अवघड दिवस येतात ते भात लावणीचे. पंचवीसपर्यंत पट असेल तर स्वयंपाकी-मदतनीस एकच असते, आणि जुलैत तिचंही शेत असतं. ती आली नाही की तांदूळ धुवायला गुरुजीच. मी खिचडी टाकलेली आहे, मुलांनी खाल्लीही, पण त्या दिवशी तिसरीचं गणित झालं नाही. जूनमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बदली बाईचं नाव ठरवून ठराव लिहून घ्या. आमच्याकडे आता लावणी न करणारी एक आजी येते.

आणि शेवटी गावाची कामं, ज्यांना कोणाचाच आदेश नसतो. संध्याकाळी ओटीवर कोणीतरी कागद घेऊन येतं, "गुरुजी, ह्या काय लिवलाहा ता वाचून सांगा मा." वारस नोंदीची नोटीस, आंब्याच्या विम्याचा फॉर्म, मत्स्य खात्याचं पत्र. वाचून द्या, अर्थ सांगा. सातबाऱ्याच्या भांडणात अर्ज मात्र लिहून देऊ नका, कारण दुसऱ्या बाजूची मुलंही तुमच्याच वर्गात बसतात. याच माणसांनी माझ्या पहिल्या पावसात लाकडं आणून दिली, उकडा तांदूळ दिला आणि शाळेची कौलं पैसे न घेता परतली. म्हणून या कामांना मी कधी नाही म्हटलं नाही.

सध्या सगळ्यांचे फोन जनगणनेबद्दल आहेत. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. हा तीनांतला पहिला अपवाद, त्यामुळे नेमणूक आली की करायचीच, आणि नोंदी मोबाइलवर आहेत. तुमच्या गटातल्या वाड्यांत रेंज कुठे लागते ते आधी बघून ठेवा. २०२७ ची होळी मार्चमध्ये आहे, म्हणजे शिमग्याला घरं उघडतील तेव्हा मोजणी संपलेली असेल. बंद घरांची यादी पोलीस पाटलांकडे बसून आधीच करा. कुठलं घर कायमचं बंद आणि कुठल्या घरात म्हातारी एकटी मागच्या दाराने ये-जा करते, हे त्यांना ठाऊक असतं.